आत्याच्या नावाला कंस

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. यातल्या कुठल्या काठाच्या कचेरीत माझी नोकरी झाली, ते मी सांगणार नाही. निवृत्त झालो असलो तरी पेन्शन चालू आहे, आणि या हकिकतीत ज्यांच्या चुका येणार आहेत त्यांच्यातले काही जण अजून मला घरच्या लग्नाची पत्रिका पाठवतात. म्हणून गावाचं नावही गाळतो. बाईचं नाव मात्र गाळत नाही. ती इंदूआत्या. नको तिथं लागलेलं आपलं नाव काढायला तिनं केलेला दंगा मी डोळ्यांनी पाहिलाय. हवं तिथून गाळलं तर ती काय करील याचा भरवसा नाही.

मी रेकॉर्ड रूमला होतो. छतापर्यंत रचलेली दप्तरं, फडक्यात बांधलेली. एक खिडकी, आणि हवेपेक्षा धूळच जास्त फिरवणारा एक पंखा. त्या खिडकीशी मी जी माणसं पाहिली, ती सगळी एकाच दुखण्याची. सातबाऱ्यावर नाव लागलं पाहिजे. आपलं लागलं पाहिजे, चुलत्याचं निघालं पाहिजे, बहिणीचं लागताच कामा नये. दुसऱ्याचं नाव काढायला येणारे ढीग पाहिले. स्वतःचं काढायला आलेलं माणूस म्हणून एकच.

दुपारचं जेवण आटोपून मी नुकता खुर्चीत टेकलो होतो. खिडकीत एक दणकट बाई उभी राहिली. साठीची असेल. लुगड्यावर खाकी शर्ट, त्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, कपाळावर काही नाही, पायात पुरुषी चपला. उताऱ्याचा कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाली,

"माझ्या नावाला कंस करा."

सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं झालं की ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव जागेवरच राहतं, पण त्याचा हक्क संपला असं समजायचं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"विकली का जमीन?" मी विचारलं.

"न्हाई."

"भावाला हक्कसोड द्यायचंय?"

"न्हाई. जमीन माझी न्हाईच. सरकारची हाय. सरकारच्या बंगल्यावर माझं नाव चढलंय. उतरवा."

मागच्या टेबलावर आमचे अव्वल कारकून डुलक्या घेत होते, ते जागे झाले. म्हणाले, "आत्या, सरकारची जागा नावावर चढवायला लोक इथं हापूसच्या पेट्या घेऊन येतात."

"मग त्यांची उतरवायला बी कुणीतरी यायला पायजेल की," आत्या म्हणाली.

साहेबांचा शिपाई हसला, अव्वल कारकून हसले, मीही हसलो. आत्या हसली नाही. अर्ज कसा लिहायचा तेवढं तिनं विचारून घेतलं.

बंगला मला माहीत होता. नदीच्या वळणावर, उंचवट्यावर, कालव्याच्या गोऱ्या साहेबासाठी बांधलेला. हातभर जाडीच्या दगडी भिंती, लांब व्हरांडा, वर कौलं, मागं चौकीदाराच्या दोन खोल्या, आवारात चिंचेची जुनी झाडं. गोरा साहेब गेला, काळा आला, पुढं कालवा खात्यानं बंगल्याचं विश्रामगृह केलं. आमच्या दप्तरात त्याची नोंद आधी मोडीत आहे, मग बाळबोधीत, मग टाईपची, मग कॉम्प्युटरची. शेवटची सोडली तर मालकाच्या रकान्यात सगळीकडं एकच शब्द : सरकार.

शेवटच्या नोंदीत घोळ कसा झाला हे सांगायचं तर वांग्यांपासून सुरुवात करावी लागेल. आत्याचा बाप खंडूबाबा बंगल्याचा चौकीदार. मागच्या पडीक तुकड्यात तो घरापुरती वांगी लावायचा. त्या वेळचे तलाठी भाऊसाहेब पीकपाहणीला आले की मुक्काम बंगल्यात, आणि जेवायला खंडूबाबाच्या हातचं भरीत-भाकरी. एका साली भरीत फारच जमलं असावं. भाऊसाहेबांनी पिकाच्या रकान्यात लिहून टाकलं, 'वांगी, खंडू चौकीदार'. खाल्ल्या मिठाला जागले बिचारे. खंडूबाबा वारल्यावर पुढच्या तलाठ्यानं पाहिलं, अरे, याची वहिवाट दिसतेय! त्यानं कुणी न सांगता वारसांची नावं इतर हक्कांच्या रकान्यात धरली : मुलगी इंदू, मुलगा दत्तू. आणि सातबारे कॉम्प्युटरवर चढवायची घाई झाली तेव्हा इतर हक्कातली ही दोन नावं मालकाच्या रकान्यात जाऊन बसली आणि सरकार बाहेर पडलं. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. 'वांग्याच्या भरितानं बंगला खाल्ला,' असं आमचे अव्वल कारकून म्हणायचे.

ही चूक आधी दिसली ती सरकारला नाही, पार्टीला. जमिनीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. भांडगावाकडं हायवेला भाव चढल्यापासून या पार्ट्या नदीकडं सरकायला लागल्या होत्या. त्यातली एक पांढऱ्या गाडीतून पेढ्यांचा पुडा घेऊन बंगल्यावर आली. आत्या व्हरांडा झाडत होती.

"मावशी, तोंड गोड करा. या बंगल्याच्या मालक तुम्ही आहात."

आत्यानं पेढा घेतला नाही, उतारा घेतला. सातवी शिकलेली होती, उभ्यानं सगळा वाचला आणि म्हणाली, "हे चुकलंय."

"चुकलंय म्हणून तर पेढे आणलेत, मावशी!"

पुढं काय झालं ते आत्यानं मला सांगितलं नाही. पण पेढ्यांचा पुडा बराच वेळ फाटकाबाहेर पडला होता आणि कुत्र्यांची चैन झाली, असं गावात ऐकलं.

आत्याचं सासर कवठे येमाईचं. नवरा लवकर गेला, दिरांनी दार दाखवलं, ती बापाकडं परत आली. बाप थकल्यावर रोजंदारीवर त्याच्या जागी लागली, उशिरानं कायम झाली, आणि निवृत्त झाली तरी बंगल्यातच राहिली, कारण तिच्या जागी खात्यानं कुणाला नेमलंच नाही. पगार बंद झाला, काम चालू राहिलं. खाकी शर्टही अंगावर राहिला. कुणी विचारलं, आत्या, आता कशाला घालता हा? तर म्हणायची, "माझी नोकरी संपली. राखन कुठं संपली?"

तिचा आवडता शब्द परवाना. विश्रामगृहात उतरायचं तर खात्याची चिठ्ठी लागते, आणि ती चिठ्ठी नसलेल्या माणसाला आत्यानं कधी आत घेतलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत एका मोठ्या पुढाऱ्याची माणसं चार गाड्या घेऊन आली. साहेब येतायत, हॉल उघडा. आत्या दारात खुर्ची टाकून बसली.

"परवाना?"

"ओ आत्या, साहेबांना परवाना मागता? त्यांच्या सहीनं परवाने निघतात."

"मग त्यांना अवघड काय हाय? काढा म्हनावं एक."

शेवटी पुढारी स्वतः आले. त्यांनी तिला नमस्कार केला, तिनंही केला. उठली मात्र नाही. चिंचेखाली सतरंजी अंथरून तिनं सगळ्यांना चहा दिला, तो बिनसाखरेचा, कारण साखर तिची होती आणि संपली होती. पुढारी तो प्याले आणि गेले. त्यांनी राग धरला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

परवान्याशिवाय बंगला उघडलेला मी एकदाच पाहिला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, भीमा पात्राबाहेर आली होती, आणि मला पंचनाम्याच्या कामाला पाठवलं होतं. खालच्या आळीची सगळी बिऱ्हाडं बंगल्यात होती. हॉलमध्ये बाळंतीण, साहेबाच्या पलंगावर दोन म्हातारे, व्हरांड्यात शेळ्या, आणि गुऱ्हाळावरचे यूपीवाले मजूर बायकापोरांसकट बैठकीच्या गालिच्यावर. आत्या लुगडं खोचून पिठलं ढवळत होती. मी गमतीनं विचारलं, "परवाना?"

"पान्याला इचारा," ती म्हणाली. मग पळी माझ्यावर रोखून, "बघून ठिवा भाऊसाहेब. उद्या हितं प्लॉट पडलं तर पयलं गेट बसंल. मग ही मानसं पुराला कुठं जात्याल? गेटावर?"

एवढंच तिचं भांडण होतं. बंगला सरकारचा राहिला तर पुरात उघडता येतो. तिच्या नावावर आला तर तो विकला जाणार. ती विकणार नव्हती, पण तिच्या नावाखाली दुसरं नाव होतं.

दत्तू, तिचा धाकटा भाऊ. रांजणगावला कारखान्यात कंत्राटावर लागलेला, गुडघे गेलेले, मुलगा बिनलग्नाचा. आमच्याकडं हल्ली मुलीचे बाप आधी सातबारा मागतात. दत्तूकडं नव्हता, आणि अचानक होता. मी त्याला वाईट म्हणणार नाही. आत्याच्या अर्जावरून जागेची पाहणी करायला आमचे साहेब गेले, त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. बहीणभाऊ व्हरांड्यात भांडत होते.

"आक्का, आपुन चोरी केलीय का? सरकारनंच दिलंय कागदावर. देव देतोय तर घे की."

"देवानं दिलं असतं तर त्यानं मला सांगितलं असतं. हे कॉम्प्युटरनं दिलंय."

"माझ्या पोराचं लगीन हुईना, आन् तुला सरकारचा पुळका! सरकारनं काय दिलं गं तुला?"

"काम दिलं," आत्या म्हणाली. "मी दिरांच्या दारातनं पोटाशी गठुडं धरून आले, तवा तुझ्या बायकूनं मला ओसरीवर झोपवलं व्हतं. या बंगल्यानं खोली दिली."

दत्तू पायरीखाली चपला शोधायला लागला. आमचे साहेब उगाच भिंतीचा दगड न्याहाळत राहिले.

प्रकरण प्रांतांपुढं गेलं. प्रांत म्हणून एक तरुण मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आता हे दृश्य नीट डोळ्यांपुढं आणा. जागा सरकारची की नाही हे ठरायचं होतं. ज्या खात्याची जागा, त्याचा माणूस तारखेला यायचा, हजेरीची सही करायचा आणि चहाला जायचा. दत्तूकडून पार्टीनं दिलेला पुण्याचा वकील. आणि सरकारची बाजू लढवायला खाकी शर्टातली आत्या, जिचं सरकारनं नोकरीतून नाव कमी केलेलं! मला त्या खात्याचा इतका संताप यायचा की मी दोनदा त्या माणसाला कँटीनमधून धरून आणला.

जुने कागद मी काढून दिले होते. मोडीतली नोंद होती, टाईपची होती. पण वकील म्हणाला, कागद जुने आहेत, वहिवाट बघा. खंडू चौकीदार आणि त्याची मुलं त्या जागेत पिढ्यान्पिढ्या राहतात, वांगी काढतात, चिंचा खातात. त्यानं चिंचांवर फार भर दिला. आवारातल्या चिंचा बहुतेक वर्षी खंडूच्याच घरी गेल्या, याला सारा गाव साक्षीदार आहे. उपभोग कोणाचा? यांचा. मग मालक कोण?

मॅडमनी आत्याकडं बघितलं. "चिंचा तुमच्या घरी जायच्या?"

"जायच्या."

वकील हसला. मी डोक्याला हात लावला.

"पन लिलावातनं जायच्या, म्याडम," आत्या म्हणाली.

आमच्याकडं सरकारी आवारातल्या चिंचांचा दर साल लिलाव होतो. शिपाई झाडाखाली उभा राहून पुकारतो, गावचे व्यापारी बोली लावतात, ज्याची बोली जास्त त्यानं झाडं झोडायची. खंडूबाबा त्याच झाडांखाली राहायचा, तीच झाडं राखायचा, आणि लिलावाच्या दिवशी टोपी घालून व्यापाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. बोली लावायचा. जिंकला तर पावती घ्यायचा. पुढं आत्यानंही तेच केलं. बापलेकीच्या या वेडाला लोक हसायचे. रात्रीतून दोन पोती झोडली असती तर कोण विचारणार होतं?

"सवताच्या झाडाची चिंच बोली लावून कोन घेतंय, म्याडम? इचारा या वकिलाला, त्यांच्या घरची पपई त्यांनी कवा लिलावात घेतली का?"

वकिलानं पावत्या मागितल्या. आत्याच्या पत्र्याच्या पेटीत काही होत्या, आमच्या दप्तरात लिलावाचे कागद होते. वकील तरी मागं हटेना. म्हणाला, लिलाव नावाचाच असेल, घरच्यालाच मिळत असेल. तेव्हा आत्या दाराकडं वळून ओरडली, "हमीदचाचा, या आत!"

हमीदचाचा बागवान. चिंचेचे जुने व्यापारी. गुडघ्यानं बेजार, म्हणून आत्या त्यांना दौंडहून रिक्षात घालून घेऊन आली होती. चाचा आत आले, खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा आत्याच्या बापाला शिव्याच घातल्या.

"म्याडम, इसका बाप मला लई नडला! दर साल मी बोली लावली की हा वर बोलनार. घरात दाना नाही, पन चिंचेला बोली! एक साल मी चढून घेतली. सगळी झाडं मला सुटली. तर हा बाबा सोता बांबू घेऊन माझी चिंच झोडायला उभा. चिंचेचा एक आकडा इकडंतिकडं जाऊ दिला न्हाई, पोरांच्या खिशात हात घालून बघायचा. या इंदूच्या बी."

"घातला व्हता," आत्या म्हणाली. "दोन सापडल्या व्हत्या. मार खाल्ला."

"आन् मग आमटीला चिंच पायजे म्हणून याची बायको माझ्या दुकानात आली. इकत! ह्याच झाडाची चिंच, म्याडम, मी इकत दिली त्यांना. मालक असता तर असं केलं असतं का? येडा व्हता, पन मालक नव्हता."

मॅडम हसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वकिलानं कागद गोळा केले. दत्तू भिंतीशी मान खाली घालून बसला होता. लहानपणी त्याच्याही खिशात बापानं हात घातला असणार. निकाल झाला. दोन्ही नावांना कंस, मालक सरकार.

फेरफार मंजूर होईपर्यंत आत्या दर आठवड्याला खिडकीशी येऊन उभी राहायची. शेवटी मी तिला नवा उतारा काढून दिला. तिनं आपल्या नावाच्या दोन्ही बाजूंना बोट लावून पाहिलं.

"लई बारीक हाय वो कंस. दिसंल का सगळ्यांना?"

"ज्याला बघायचाय त्याला दिसेल," मी म्हणालो.

जिंकल्याबद्दल तिला कुणी हार घातला नाही. गावात निम्मे लोक तिला खुळी म्हणाले, उरलेले निम्मे तिच्या देखत म्हणाले नाहीत एवढंच. त्या दिवाळीत भाऊबीजेला दत्तू आला नाही. मग ती गेली. ताट, निरांजन, करंज्या सगळं पिशवीत घेऊन, एसटीनं. हे मला दत्तूच्या बायकोनंच पुढं सांगितलं. दत्तू पाटावर बसेना. अंगणात बाजेवर, दाराकडं पाठ करून बसला. आत्यानं निरांजन लावलं आणि त्याच्या मागं उभी राहिली.

"फिरव तोंड कितीबी. मी पाठीला ओवाळीन. पाठ बी आईनंच दिलीय तुला."

आणि खरंच तिनं पाठीला ओवाळलं. अक्षता शर्टावर टाकल्या, करंज्यांचा डबा बाजेवर ठेवला, परतीची गाडी धरली. दत्तू वळला नाही. पण ती गेल्यावर शर्टावरच्या अक्षता त्यानं झटकल्या नाहीत, असं त्याची बायको म्हणाली. हे ऐकून माझे डोळे भरून आले, ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

आणि मग सरकारनं आत्याचे उपकार फेडले. उतारा स्वच्छ झाला, मालक म्हणून सरकारचं नाव लागलं, आणि मालक झाल्यावर खात्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर आत्याला नोटीस काढली. आपण सेवानिवृत्त आहात, आवारातील खोल्यांवर आपला कोणताही हक्क नाही, जागा रिकामी करून किल्ल्या शिपायाकडं द्याव्यात. आधारालाही प्रांतांचाच आदेश जोडलेला, जो तिनंच भांडून मिळवला होता! मी संतापलो. म्हणालो, आत्या, आपण अर्ज करू, पेपरात देऊ, मी येतो बरोबर.

"कशापायी? बरुबर हाय त्यांचं," ती म्हणाली. "हक्क न्हाई, हे मीच वरडून सांगितलं की. आता मला लागू झालं तर रडू व्हय?" मग नोटिशीवरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे मातूर चालायचं न्हाई. शिपायाच्या हाती किल्ली देनार न्हाई. सायबाला या म्हनावं."

तिनं तसं लिहून कळवलं. साहेब आला. नवा इंजिनिअर, लग्न नुकतंच झालेला, गाडी चालूच ठेवून उतरलेला. आत्यानं आधी त्याला गाडी बंद करायला लावली. मला तिनं पंच म्हणून बोलावलं होतं; माझी निवृत्तीही तोंडावर आली होती. फाटकाशी टेम्पोत तिचं सामान चढलं होतं. दौंडला गाडीतळामागं तिनं एक खोली बघितली होती.

एक एक खोली तिनं साहेबाला फिरवून दाखवली. पलंग, आरसा, कंदील, बिजागरी, सगळं लिहायला लावलं.

"ही तुळई वाळवीनं खाल्लीय. लिवा."

"ते नंतर बघू, आजी."

"आत्ता लिवा. न्हाईतर उद्या म्हनाल, बाईनं खाल्ली."

साहेबानं लिहिलं. व्हरांड्याच्या टोकाला आल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि जरा ओशाळून विचारलं, "एक विचारू का? एवढी जागा तुमच्या नावावर आली होती. सोडलीत कशी?"

"माझी झाली असती तर माझ्याकडनं भावानं घेतली असती, भावाकडनं पार्टीनं. आमच्यात किती जोर? सरकारची ऱ्हायली म्हंजी त्यांना सरकारशी भांडावं लागतंय." किल्ल्यांचा जुडगा तिनं मुठीत धरला होता. "आन् सरकार म्हंजी आता तुम्ही. दत्तूच्या नावानं पार्टीनं वर अपील केलंय. तारीख कवा हाय?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी चिंचेकडं पाहिलं.

"ठाव न्हाई? मग किल्ली कुनाला देऊ?"

तिनं जुडग्यासकट हात पदराखाली घेतला आणि पायरीवर बसली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. तिनं ऐकला नाही. साहेबानं इकडं फोन लावला, तिकडं लावला, कुणालातरी बरंच झापलं, शेवटी तारीख मिळाली. ती त्यानं खिशातल्या डायरीत लिहिली आणि आत्याला दाखवली. आत्यानं वाचली, मग पदराखालून हात काढून मूठ उघडली.

त्या तारखेला मी मुद्दाम पुण्याला गेलो. दालनात गर्दी होती. दत्तू होता, वकील होता, आणि कडक इस्त्रीच्या शर्टात, काखेत फाइल घेऊन, तो इंजिनिअर होता. पुकारा झाला तसा तो उठला आणि म्हणाला, "सरकारतर्फे मी हजर आहे." मागच्या भिंतीशी बाकावर आत्या बसली होती. दौंडहून सकाळच्या गाडीनं आलेली. खाकी शर्ट नव्हता, साधं हिरवं लुगडं.

शिपाई तिच्यापाशी आला. "मावशी, या प्रकरणात तुमचं नाव आहे का? काय लागतं तुमचं यात?"

"काईच न्हाई," आत्या साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि पाय वर घेऊन बाकावर ऐसपैस मांडी घालून बसली.